निंजाचा इळा, आपला पट्टा

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी नातवाचं पार्सल आलं. मी ओसरीवर बसून सोयाबीन सोंगणीच्या इळ्यांना धार लावत होतो. त्यानं खोकं फोडलं, काळ्या पाकिटातून पाच पोलादी चांदण्या काढल्या आणि म्हणाला, "आबा, निंजाच्या आहेत." मी चष्मा शोधेपर्यंत पहिली चांदणी सागवानी दाराकडे सुटलीसुद्धा. ती आडवी लागून खाली पडली. दुसरी दाराच्या खिळ्यावर आदळून उलटी फिरली आणि माझ्या गुडघ्यापासून हातभरावर ठेवलेला पाण्याचा माठ फोडून थांबली. बोलणी मात्र मलाच बसली. घरात हत्यारवाला म्हणून माझंच नाव आहे.

ते नाव उगाच पडलेलं नाही. वाशिम जिल्ह्यातल्या शाळेत मी 31 वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलं. लाठी त्याच्याही आधी गावच्या आखाड्यात हातात आली. पुढे शिकायला अमरावतीला, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात गेलो. 1914 साली सुरू झालेल्या या मंडळाच्या खेळाडूंनी 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला करून दाखवले होते. आम्हा वऱ्हाडातल्या पोरांना तेव्हा तेवढा एक अभिमान पुरत असे.

नातवाला मी रागावलो नाही. हातातला इळा त्याच्यापुढे धरला आणि म्हटलं, "निंजाचं खरं हत्यार हे घे." त्याला थट्टा वाटली, पण ती थट्टा नव्हती. जपानी लोक भाताच्या इळ्याला कामा म्हणतात. त्याला साखळी आणि वजन जोडलं की कुसारीगामा होतो. कार्टूनमधली पोरं फेकतात ती कुनाई मुळात खणायचं, उकरायचं अवजार. ज्याला वेषांतर करून शत्रूच्या गावात शिरायचं आहे तो कमरेला तलवार लावून कसा जाईल? शेतकऱ्याच्या हातात इळा असला तर कोण हटकणार?

हे निंजा जपानच्या इगा आणि कोगा या डोंगराळ मुलखातले. 1581 साली ओदा नोबुनागा या जपानी सरदारानं इगावर मोठी फौज घातली आणि तो मुलूख उद्ध्वस्त केला. त्यांची विद्या 1676 साली 'बानसेनशुकाई' नावाच्या मोठ्या ग्रंथात उतरवली गेली. त्यात मारामारीपेक्षा बातमी काढणं, वेष पालटणं, पाणी ओलांडणं, कुलूप उघडणं, आग लावणं हेच जास्त. म्हणजे आपल्या बहिर्जी नाईकांच्या पठडीतलं काम. काळा बुरख्याचा पोशाख नाटकवाल्यांनी रूढ केला. काबुकीच्या रंगमंचावर सामान हलवणारी काळ्या कपड्यातली माणसं प्रेक्षक 'दिसत नाहीत' असं धरून चालत, त्यावरून अदृश्य निंजा आला असं सांगतात. आणि नानचाकू तर निंजाचा नव्हेच. तो ओकिनावाचा, आणि आपल्याकडे आला तो ब्रूस लीच्या सिनेमातून. माझ्या शाळेत दोन लाटणी आणि सायकलची साखळी जोडून तो बनवला जायचा. पहिला टोला दरवेळी बनवणाऱ्याच्याच कोपराला बसायचा.

लपवायच्या हत्याराचा आपला नमुना म्हणजे वाघनख. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातलं वाघनख 2024 च्या जुलैमध्ये साताऱ्याला आलं, पुढच्या वर्षी नागपूरच्या अजब बंगल्यात ठेवलं. 10 नोव्हेंबर 1659 ला शिवाजी महाराजांनी प्रतापगडाखाली वापरलेलं तेच हे, असं ते संग्रहालयही ठामपणे म्हणत नाही. लोखंडी पट्टी, तिला चार वाकडी नखं, दोन बोटांसाठी दोन कड्या. मूठ मिटली की झालं, बाहेरून काही दिसत नाही. जपान्यांचंही असं हातातलं नखं असलेलं अवजार आहे, पण ते भिंत चढायलाही वापरत. ही असली हत्यारं मी कुणाला शिकवली नाहीत, शिकवणारही नाही. ज्यात सरावाला बोथट पर्याय नाही ते शिकवायचं कसं?

सगळी गोम या बोथट पर्यायातच आहे. आपल्या जुन्या लोकांनी तलवार शिकवायला फरीगदगा काढला. फरी म्हणजे चामड्याची छोटी ढाल, गदगा म्हणजे चामडं चढवलेली छडी. तमाचा कानशिलाकडे, शिर डोक्यावर, हूल म्हणजे सरळ भोसक. हे वार गदग्यानं शेकडो वेळा घेतल्यावर मग तलवारीला हात. चूक झाली तर दंडावर वळ उठतो, बोट तुटत नाही. पार्सलमधून येणाऱ्या चांदणीबरोबर असा गदगा येत नाही, वस्तादही येत नाही.

आमच्या वस्तादांकडे पहिला महिना नुसत्या सलामीत जायचा. आम्ही कंटाळायचो. पुढे कळलं, ते सलामी शिकवतच नव्हते. डोळा कुठे आहे, पाय कुठे पडतो, मागून कुणी येतंय का हे पोराला दिसतं की नाही, ते बघत होते. काठी जमिनीपासून कानापर्यंत. रोज खेळण्याआधी ती पूर्ण बोटांनी चाचपायची, भेग असली तर चुलीत घालायची, कारण चिरलेला बांबू फिरताना फाटतो आणि त्याची सळ डोळ्यात जाते. फक्कीनं रिंगण आखायचं ते काठीच्या दुप्पट पल्ल्याचं. रिंगणात पाय आला की खेळणारा थांबणार, मग तो पाय सरपंचाचा का असेना. घामेजल्या हाताला मैदानाची माती. आणि हत्यार हातातून हातात द्यायचं नाही. जमिनीवर ठेवायचं, दुसऱ्यानं उचलायचं. आमच्या घरी इळ्यालाही हाच नियम आहे.

माझ्या डाव्या भुवईवर खूण आहे. सोळा वर्षांचा होतो. बनेटी म्हणजे दोन्ही टोकांना लाकडी गोळे बसवलेली काठी. गणपतीच्या मिरवणुकीत ती जोरात फिरवत असताना एका गोळ्याचा खिळा सुटला. सकाळी तो हलतोय हे मला समजलं होतं. 'आजचा दिवस निघेल' म्हणून मी गप्प बसलो. गोळा उडून समोरच्या भिंतीवर लागला आणि परत माझ्याच तोंडावर आला. गर्दीत गेला असता तर? वस्तादांनी मला सहा महिने काठी दिली नाही, पाणी भरायला ठेवलं.

दांडपट्टा सगळ्यात शेवटी. 2024 च्या शिवजयंतीला सरकारनं त्याला राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलं, त्यानंतर जो तो पट्टा मागतोय. चांगलं आहे, पण पट्टा म्हणजे काय ते ऐका. लांब, लवचीक, दुधारी पातं आणि हात कोपराजवळपर्यंत झाकणारा लोखंडी खोबळा. आत हात गेला की मनगट वळत नाही. अंगठ्याच्या जोरावर नाही, सगळ्या खांद्यावर तो फिरतो. पातं लवतं, म्हणून थांबवलं तरी टोक पुढे जातंच, आणि घाबरलात तरी तो तलवारीसारखा टाकून देता येत नाही. म्हणून माझ्याकडे पहिलं वर्षभर वेताची छडी, मग बिनधारेची पट्टी. लिंबू कापायचं ते केळीच्या खुंटावर ठेवून. पोराच्या पोटावर, मानेवर ठेवून डोळे बांधून कापणाऱ्यांना टाळ्या मिळतात. मला तो मूर्खपणा वाटतो.

त्याहून वाईट म्हणजे ट्यूबलाइट. अलीकडे आपल्याकडच्या मिरवणुकांत पोरं छातीवर, डोक्यावर ट्यूब फोडून घेतात. याला कुठल्याच जुन्या विद्येचा आधार नाही. ट्यूबमध्ये पारा असतो, काच बारीक होऊन डोळ्यात नि जखमेत जाते. तोंडातून रॉकेल फुंकून भडका उडवणंही त्याच माळेतलं. ते घशाखाली गेलं की फुप्फुसं धरतं. जखम झालीच तर स्वच्छ फडकं घट्ट दाबून धरा, हळद-माती भरू नका. आत रुतलेली वस्तू ओढून काढू नका, दवाखान्यात न्या.

कायदाही ध्यानात ठेवा. 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याच्या तलवारी, खंजीर, भाले शस्त्रकायद्याखालच्या यादीत येतात. शेतीची आणि घरकामाची अवजारं त्यातून वगळली आहेत. सणासुदीला पोलीस कायद्याच्या कलम 37 चा मनाई आदेश निघाला की काठीही घेऊन फिरता येत नाही. मिरवणुकीत खेळायचं तर पोलिसांची परवानगी आधी घ्या.

खंडेनवमीला आम्ही इळे, विळती, पट्टा आणि माझी जुनी काठी मांडून पूजा केली. नातवानं चांदण्याही आणून ठेवल्या. मी कुंकू लावलं आणि संध्याकाळी त्या ट्रंकेत घालून कुलूप लावलं. तो आता रोज साडेपाचला मैदानावर येतो. दोन महिने झाले, अजून सलामीच चालू आहे.