‘आवडलं’ म्हणजे नेमकं काय? वाचकाच्या मताविषयी



गेल्या व्याख्यानात आपण ज्ञान आणि मत यांतला फरक पाहिला. ते संपल्यावर काही जणांनी आम्हाला एक प्रश्न विचारला. प्रश्न साधा वाटतो, पण सोपा नाही. तो असा : पुस्तकाबद्दलचं मत हे नेमकं कोणत्या जातीचं मत? कुणी म्हणतं, कादंबरी छान आहे. कुणी म्हणतं, भिकार आहे. मग दोघंही बरोबर का? ‘ज्याची त्याची आवड’ म्हणून आपण उठून चहाला जायचं का?

हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. आपल्या बीड जिल्ह्यातल्या एखाद्या गावचं ‘क’ किंवा ‘ड’ वर्गाचं ग्रंथालय डोळ्यांसमोर आणा. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 सालचा. त्याच्या आधाराने अनुदान येतं, अनुदानाचा ठरलेला वाटा ग्रंथखरेदीला जातो. कपाट एक, पैसे थोडे, पुस्तकं हजारो. कोणती घ्यायची? कुणाच्या तरी मतावरच ठरतं. आता सगळीच मतं सारखी असतील तर चिठ्ठ्या टाकाव्यात! आणि सारखी नसतील, तर कुणाचं मत जड? प्राध्यापकाचं? समितीच्या अध्यक्षाचं? की जी बाई दर आठ दिवसाला पुस्तक बदलून नेते तिचं?

आता हिवाळ्यातला हुरडा घ्या. शेकोटीभोवती बसलोत, कणसं भाजली जातायत, आणि पाहुणा म्हणाला, ‘मला हुरडा नाही आवडत.’ आपण काय करतो? हसतो, त्याच्या ताटातला आपल्या ताटात घेतो. वाद घालत नाही. पण तोच पाहुणा म्हणाला, ‘ती बनगरवाडी काही खरी नाही, कंटाळवाणी आहे,’ तर आपण सावरून बसतो. ‘का हो? कुठं कंटाळा आला?’ असं विचारतो. हा फरक का पडतो?

जर्मन तत्त्वज्ञ कांट याने 1790 सालच्या आपल्या ग्रंथात नेमका हाच फरक मांडला. सुखद आणि सुंदर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं तो म्हणतो. सुखद म्हणताना आपण ‘मला’ हा शब्द मनात धरलेला असतो. सुंदर म्हणताना मात्र इतरांनीही मान्य करावं अशी आपली मागणी असते. ती पुरी होईलच असं नाही, पुराव्याने सिद्धही करता येत नाही. पण मागणी असते, म्हणूनच भांडण होतं. बघा, वाचकांच्या बैठकीत आवाज चढतो तेव्हा मंडळी नकळत कांटच्या बाजूने बोलत असतात. ज्यांना खरोखर ‘ज्याची त्याची आवड’ वाटते त्यांचा आवाज चढायचं कारण नाही.

ह्यूमने त्याआधी, 1757 साली, रुचीवर एक निबंध लिहिला. त्यात त्याने ‘डॉन किहोते’मधली एक गोष्ट घेतली आहे. सांचो पांझाच्या घराण्यातले दोघं दारूचे पारखी. त्यांच्यापुढे एका पिंपातली दारू ठेवली. एकाने चाखली, म्हणाला, चांगली आहे, पण जरा चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, चांगली आहे, पण लोखंडाची चव येते. लोक दोघांनाही हसले. पुढे पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी निघाली एक जुनी किल्ली, तिला चामड्याचा पट्टा!

आम्ही ही गोष्ट वर्गात वर्षानुवर्षं सांगत आलो, कारण तिच्यात दोन गोष्टी आहेत. दोघांची मतं वेगळी होती आणि दोन्ही खरी होती. हे पहिलं. दुसरं म्हणजे, मत खरं कशामुळे ठरलं? पिंपात किल्ली होती म्हणून. वाचकाच्या मताचंही तसंच. ‘आवडलं नाही’ हे अजून मत नाही, ती फक्त जिभेवरची चव. ‘शेवटच्या शंभर पानांत लेखक प्रत्येक पात्राच्या तोंडून स्वतःच बोलतो’ हे मत झालं, कारण आता आपण पुस्तक उघडून तळाशी किल्ली आहे का ते पाहू शकतो. पारख्याला पदवी लागत नाही. मात्र पिंप तपासू देण्याची तयारी त्याच्याकडे हवी.

आपल्याकडे अभिनवगुप्ताने हा विचार वेगळ्या बाजूने केला. रसाचा आस्वाद का होत नाही, याची त्याने सात विघ्नं सांगितली आहेत. सातही आज घेत नाही. पण पहिल्या तीनांपैकी प्रत्येक आपल्या बैठकीत दर वेळी हजर असतं. पहिलं विघ्न, घडतंय ते संभवनीयच न वाटणं. ‘असं कुठं होतं का राव!’ दुसरं, कथेतलं सुखदुःख हे माझंच किंवा अमक्याचंच, अशा स्थळकाळात अडकून पडणं. तिसरं, स्वतःच्या सुखदुःखाने इतकं भरून जाणं की समोरचं दिसेनासं होतं.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त दुष्काळ पडतो आणि वाडी उठून जाते. कादंबरी 1955 सालची, मुलूख माणदेशाचा. पुण्यातल्या वाचकाला तिथे माणदेश दिसतो. आपल्याकडच्या वाचकाला दसरा-दिवाळीनंतरचं स्वतःचं गाव दिसतं. कोयता कारखान्यावर गेला, दाराला कुलूप, ओसरीवर म्हातारी आणि एखादं कुत्रं. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’चंही तसंच. शिकून शेतीत अडकलेला त्यातला एकनाथ बुलढाण्याकडचा. पण आमच्या बैठकीत एकाने ते पुस्तक मध्येच ठेवलं. म्हणाला, ‘सर, हे वाचवत नाही, घरी हेच चाललंय.’

अभिनवगुप्ताच्या हिशेबाने हे विघ्न झालं. आम्हाला मात्र इथे जरा थांबावंसं वाटतं. त्या वाचकाला जे दिसलं ते विघ्न तर आहेच, पण ती माहितीसुद्धा आहे. कर्जाच्या घरात जेवणाच्या वेळी काय बोललं जातं आणि काय बोललं जात नाही, हे त्याला ठाऊक आहे. त्या जागी लेखक चुकला की बरोबर, हे तोच सांगू शकतो. आमच्यासारखा पेन्शनवर बसलेला माणूस नाही सांगू शकत. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त म्हटलं आहे की सौंदर्याच्या विश्वाला दोन ध्रुव आहेत. एकीकडे कलाकृती स्वायत्त, तिचे नियम तिचेच. दुसरीकडे ती लौकिक जगाशी बांधलेली. आपण मराठवाड्यातले वाचक दुसऱ्या ध्रुवाकडे जरा जास्त झुकतो, आणि त्यात लाजण्यासारखं काही आहे असं आम्हाला वाटत नाही. पण म्हणून पहिला ध्रुव नाहीच असं समजू नये. ‘आमचंच दुःख आहे’ एवढ्यावर कादंबरी चांगली ठरत नाही. आमच्या दुःखावर वाईट कादंबऱ्याही ढीगभर आहेत!

आता आत्मकथनांकडे येऊ. खरी अडचण इथे आहे.

मागे आमच्या बैठकीत एका आत्मकथनावर बोलणं चाललं होतं. एक शिक्षक म्हणाले, ‘अनुभव मोठा आहे, पण लेखन विस्कळीत आहे, तेच तेच येतं.’ त्यावर एक तरुण ताडकन बोलला, ‘ज्यानं भोगलं त्याच्या वाक्यांना मार्क द्यायला तुम्ही कोण?’ बैठक गार पडली. कुणाला काही सुचेना. तुम्हाला काय वाटतं, बरोबर कोण?

आमचं म्हणणं असं की इथे तीन वेगळे प्रश्न एकाच पोत्यात भरले गेले. हे खरं घडलं का, हा एक. ज्याने भोगलं त्याच्या भोगण्याला आपण मान देतो का, हा दुसरा. आणि ते कसं लिहिलंय, हा तिसरा. तरुणाला वाटलं, तिसऱ्या प्रश्नाच्या आडून शिक्षक दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असं देतायत. त्याचा संशय अगदीच निराधार म्हणता येणार नाही. आपल्याकडे ‘भाषा अशुद्ध आहे’ असं म्हणून किती माणसांना गप्प बसवलं गेलं, याचा इतिहास आहे. पण म्हणून तिसरा प्रश्न विचारायचाच नाही का?

दया पवारांचं ‘बलुतं’ 1978 सालचं. त्यात सांगणारा एक नाही. दगडू मारुती पवार सांगतो आणि दया पवार ऐकतो. माणूस एकच, त्याचे झाले दोन. हे असं का लिहिलं? शिकून पुढे आलेल्या माणसाला आपल्याच मागच्या आयुष्याची ओळख सांगताना काय होतं, ते त्या दोन नावांमधल्या फटीत आहे. आता कुणी म्हणालं, ‘लेखनाबद्दल बोलू नका, फक्त दुःखाबद्दल बोला,’ तर ही फट आपल्याला दिसणारच नाही. लेखकाने जी मेहनत घेतली तीच आपण नाकारू. म्हणजे ‘कसं लिहिलंय’ हे विचारणं हा अपमान नसून मान आहे; आपण त्याला साक्षीदारच नाही तर लेखकही मानतो. मात्र हा प्रश्न सगळ्यांना सारखाच विचारायला हवा. मोठ्या घरच्या आठवणी वाचताना ‘काय ओघवती शैली!’ आणि इतरांच्या वाचताना ‘तेच तेच येतं’ असं होत असेल, तर दोष पुस्तकात शोधू नये.

त्या ‘बलुतं’वर बाहेरच्या टीकेपेक्षा घरातल्या माणसांची तक्रार जास्त बोचरी होती. आपली उणीदुणी चव्हाट्यावर कशाला मांडली? असाच प्रश्न 1990 साली अगदी वेगळ्या घरात आला. सुनीता देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’ निघालं आणि मराठी वाचक दोन तटांत उभे राहिले. पु. ल. तर सगळ्यांचेच लाडके. त्यांच्या बायकोने असं लिहावं का? लक्षात घ्या, यातले पुष्कळ लोक पुस्तकावर मत देतच नव्हते. लेखिकेने हे लिहायला हवं होतं की नको, यावर देत होते. तेही मत आहे, पण ते नीतीबद्दलचं मत आहे. त्याला पुस्तकाचं परीक्षण म्हणू नये, एवढंच.

आपल्या जिल्ह्यात ही अडचण आणखी जवळची आहे. वडवणी तालुक्यातल्या दुकडेगावचे एकनाथ आवाड, मानवी हक्क अभियानाचे. त्यांचं ‘जग बदल घालुनी घाव’ हे आत्मचरित्र जेरी पिंटो यांनी इंग्रजीत नेलं. इंग्रजी वाचक ते वाचतो तेव्हा त्याच्या दृष्टीने ती एका पोतराजाच्या मुलाची, लढ्याची कथा. इथला वाचक वाचतो तेव्हा त्याला त्यातली गावं ठाऊक, रस्ते ठाऊक, कुणी सभेला गेलेलं, कुणाचा रागही असलेला. त्यामुळे इथे चर्चा पहिल्याच प्रश्नावर अडते : असंच झालं होतं का? अडू द्यावी. आपली परंपरा तशी जुनी आहे. म्हाइंभटाने ‘लीळाचरित्रा’साठी चक्रधरांच्या आठवणी माणसांना विचारून विचारून गोळा केल्या, आणि महानुभावांनी एकाची आठवण दुसऱ्याहून वेगळी निघाली तर तीही पुसून न टाकता जपली. वाचकांच्या बैठकीची वही आम्ही तशीच ठेवतो. एकमत लिहीत नाही.

मुलांच्या पुस्तकांबद्दल थोडंच बोलतो, कारण तिथे मोठेच फार बोलतात. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 1933 साली लिहिलं. त्यावर मत विचारलं की आजोबा रडतात, वडील ‘संस्कार’ म्हणतात आणि मुलाला कुणी विचारतच नाही.

एकदा हंगामी वसतिगृहातल्या मुलांना आम्ही ‘तोत्तोचान’ वाचून दाखवत होतो. आईबाप ऊसतोडीला गेलेली ही मुलं. तोत्तोचानची शाळा आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरते, हे तुम्हाला माहीत असेल. आम्हाला वाटलं होतं, मुलांना मोकळी शाळा, कोबायाशी गुरुजी हे आवडेल. एका मुलीने विचारलं, ‘सर, तो डबा चालतो का?’ नाही, म्हटलं, उभाच असतो. ती म्हणाली, ‘मग काय उपयोग?’

आम्ही तिथे काहीच समजावलं नाही. तिचं म्हणणं उघड होतं. डबा चालला असता तर शाळा कारखान्यापर्यंत गेली असती, आणि तिला आईपाशी कोपीवर राहून शिकता आलं असतं. पुस्तकावर अनेक परीक्षणं आम्ही वाचली आहेत, हा मुद्दा कुठे नाही. आणि किल्ली पिंपातच होती! पुस्तकात पुढे एक नवा डबा येतो, तो कसा येतो ते बघायला मुलं रात्री शाळेत मुक्कामाला थांबतात. म्हणजे डब्याने चालावं ही ओढ त्या जपानी मुलांनाही होतीच. आम्ही तो भाग तोवर नुसती गंमत म्हणून वाचत आलो होतो. तो नवा डबा कशासाठी होता, तर ग्रंथालयासाठी.

आता मागून एक प्रश्न आलाय, तेवढा घेतो. पुस्तक अर्धवट सोडलं तर मत देता येतं का? येतं की. फक्त किती पानं वाचली ते आधी सांगावं. साठाव्या पानावर का सोडलं, हे ऐकायला आम्हाला आवडतं. न वाचता शेवटाबद्दल बोललेलं आवडत नाही. आणि दुसरा प्रश्न, पुढच्या वेळी काय वाचायचं. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घेऊ. ग्रंथालयात दोनच प्रती आहेत, तेव्हा ज्याने नेली त्याने आठ दिवसांत परत आणावी.