पोळी सोडली की आत काय चालतं?

जॉर्डनच्या ईशान्य भागात काळ्या दगडांचं वाळवंट आहे. तिथल्या शुबायका या ठिकाणी उत्खनन करणाऱ्यांना एका प्राचीन चुलीत जळून कोळसा झालेले बारीक तुकडे सापडले. सूक्ष्मदर्शकाखाली उलगडा झाला, की ही चपटी भाकरी आहे! रानगहू आणि पाणगवताचे कंद दळून, चाळून, मळून भाजलेली. २०१८ मध्ये हे जाहीर झालं. भाकरीचं वय सुमारे १४,४०० वर्षं, म्हणजे शेती सुरू होण्याच्याही जवळपास चार हजार वर्षं आधीची. शिकारीवर आणि कंदमुळांवर जगणारी माणसं रानातून दाणे वेचून एवढा उपद्व्याप करत होती. तेव्हा आज कुणी ‘लो-कार्ब’ म्हणून पोळीचा डबा पुढे सरकवतो, तेव्हा तो फार जुन्या सवयीशी भांडत असतो.

हे भांडण गाजवणारा माणूस ना डॉक्टर होता ना पहिलवान. विल्यम बँटिंग हा लंडनमध्ये अंत्यविधींची व्यवस्था करणारा प्रतिष्ठित व्यावसायिक. राजघराण्याची कामं त्याच्या घराण्याकडे असत. १८६२ मध्ये, साठी उलटल्यावर, पाच फूट पाच इंच उंचीवर त्याचं वजन ९१ किलोंच्या पुढे गेलं होतं. बुटाचे बंद बांधता येईनात. जिना तो पाठमोरा उतरायचा. ऐकू कमी येतं म्हणून गेला विल्यम हार्वी या कानाच्या डॉक्टरकडे, आणि हार्वीने कान सोडून जेवणावर बोट ठेवलं. पाव, लोणी, दूध, साखर, बिअर, बटाटे बंद. मांस-मासे आणि बटाटा सोडून भाज्या चालतील. वर्षभरात बँटिंग २१ किलोंनी उतरला आणि १८६३ मध्ये त्याने स्वखर्चाने एक पुस्तिका छापली. ती इतकी खपली की त्याचं आडनाव पथ्याला चिकटलं. गंमत म्हणजे, न्याहारीला औंसभर कोरडा टोस्ट त्यालाही मुभा म्हणून होताच. पाव पुरता सुटला नाही तो नाहीच.

कानाच्या डॉक्टरला हे कुठून सुचलं? तो पॅरिसला क्लोद बर्नारची व्याख्यानं ऐकून आला होता. यकृत स्वतः साखर तयार करून रक्तात सोडतं, हे बर्नारने दाखवलं होतं, आणि १८५७ मध्ये यकृतातल्या त्या साठ्याचा पदार्थही त्याने वेगळा काढला. तोच ग्लायकोजेन.

तो साठतो कसा? भाकरीचा कोरडा घास गिळायची घाई न करता चावत राहा. थोड्या वेळाने तो गोडसर लागू लागतो. पिठातलं पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या कणांच्या लांबच लांब माळा. लाळेतलं विकर त्या तोंडातच तोडू लागतं. पुढे आतड्यात उरलेल्या माळा सुटतात, साखर रक्तात येते, आणि जास्तीची यकृतात नि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठते. यकृतात शंभरेक ग्रॅम, स्नायूंत चारेकशे. हा साठा कोरडा नसतो, ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून बसतो. पोळी-भात बंद केला की साठा उपसला जातो आणि पाणीही लघवीवाटे निघून जातं. पहिल्या आठवड्यात काटा दोन किलोंनी खाली आला म्हणून ग्रुपवर फोटो टाकणाऱ्यांचा हिरमोड करायचा नाही, पण त्यात चरबी थोडी आणि पाणी फार.

खरी नवलाई त्यानंतरची. मेंदू वजनाने शरीराचा जेमतेम दोन टक्के, पण ऊर्जा खातो वीस टक्के. रोज सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज. चरबी थेट जाळणं त्याला जमत नाही. मग आठवडेच्या आठवडे उपाशी माणूस शुद्धीवर राहतो कसा? बॉस्टनमध्ये जॉर्ज केहिल आणि ऑलिव्हर ओवेन यांनी पाच-सहा आठवडे उपास करणाऱ्या स्थूल व्यक्तींच्या मेंदूकडे जाणारं आणि मेंदूतून येणारं रक्त तपासलं. १९६७ मध्ये त्यांनी मांडलं की मेंदू तोवर ऊर्जेचा जवळपास दोन तृतीयांश भाग कीटोन्सवर भागवत होता. चरबीपासून यकृत हे कीटोन्स बनवतं. तान्ह्या बाळाचा मेंदूही ते आवडीने वापरतो, म्हणजे ही सोय जन्मापासूनची. उपाशी न राहता, कर्बोदकं खूप कमी केली तरी हीच सोय जागी होते. कुणाच्या श्वासाला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येतो, तो त्यातल्याच अॅसिटोनचा. आणि रक्तातल्या तांबड्या पेशींना ग्लुकोजच लागतं, म्हणून यकृत प्रथिनांतून आणि चरबीच्या अंशातून तेही घडवत राहतं. ताटात साखरेचा कण नसला तरी रक्तात ती असतेच!

आता आपल्या ताटाकडे या. मध्यम पोळीत वीस-एक ग्रॅम कर्बोदकं. कीटोन्सवर चालणाऱ्या कडक ‘कीटो’ पथ्यात दिवसाची मर्यादा २० ते ५० ग्रॅम, म्हणजे दोन पोळ्यांत खेळ आटोपला. ‘मी गहू सोडला, ज्वारीची भाकरी खातो’ म्हणणाऱ्यांनी ऐकावं: ज्वारीच्या पिठातही दोन तृतीयांशाहून जास्त कर्बोदकंच. उपासाचा साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट. एकादशीला धान्य वर्ज्य करून आपण कणकेपेक्षा दाट पिष्ट खातो. डाळीत प्रथिनं आहेत, पण निम्म्याहून अधिक कर्बोदकंही आहेत, म्हणून शाकाहाऱ्याला हे पथ्य जड जातं. त्याची भिस्त पनीर, शेंगदाणे, तीळ, पालेभाज्यांवर. चालत असतील तर अंडी.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल त्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय पोळी सोडू नये. साखर धोकादायक खाली जाऊ शकते. बाकीच्यांसाठी, लो-कार्बची जादू वाटते तेवढी एकतर्फी नाही. स्टॅनफर्डमध्ये ६०९ जणांवर वर्षभर तुलना झाली. कमी चरबीवाले सरासरी ५.३ किलो उतरले, कमी कर्बोदकवाले ६ किलो. म्हणण्यासारखा फरक नाही.

माझ्या मते कीटोची कडक व्रतं आपल्या घरांत टिकत नाहीत, आणि टिकायची गरजही बहुतेकांना नाही. आपल्या पानात डावीकडे चटणी-कोशिंबीर चमचाभर, उजवीकडे भाजी वाटीभर, आणि मधली सगळी जागा भात-पोळीची. कोशिंबीर वाटीभर घ्या, भाजी दुप्पट, पोळी एक. आणि ‘अजून एक घ्याच’ असा आग्रह झाला, तर पान पुढे करून उसळ मागून घ्या. आग्रह करणाऱ्याचंही समाधान होतं.