किल्ल्या काढून घेतल्यावर

उन्हाळी सुट्टीत आम्हां काही शिक्षकांना नेरूळमध्ये बसून पाठ्यपुस्तकांच्या चाळीस फाइली संगणकावर उतरवून घ्यायच्या होत्या. एकेका दुव्यावर टिचकी मारण्याऐवजी आम्ही ब्राउझरला ‘डाउनदेमऑल’ हा मदतनीस प्रोग्रॅम जोडला. पानावरचे सारे दुवे गोळा करून तो फाइली रांगेने उतरवतो. आमच्यातले एक जण म्हणाले, “पूर्वी हा एकेका फाइलचे तुकडे करून आणायचा. आता नाही.” नव्या आवृत्तीत सोय कमी कशी झाली?

आधी तुकड्यांची युक्ती पाहू. “फाइलचा एवढाच भाग द्या” अशी मागणी करण्याची सोय १९९७ च्या एचटीटीपी १.१ या नियमावलीत आहे. समजा, फाइल ४ कोटी बाइटची आहे. एक जोडणी ० ते ९९,९९,९९९ क्रमांकांचे बाइट मागते, दुसरी १,००,००,००० पासून पुढचे एक कोटी. अशा चार जोडण्या एकदम चालतात. नेरूळ स्थानकावर चाळीस मुलांची तिकिटे चौघांनी चार खिडक्यांवर काढावीत, तसेच हे. अर्थात, आपल्याकडे येणारी वाहिनीच अरुंद असेल, तर फारसा फायदा नाही.

तुकडे मात्र क्रमाने येत नाहीत. तिसरा आधी आला, तर पहिल्या दोघांची जागा मोकळी सोडून तो डिस्कवर लिहावा लागतो. जुन्या फायरफॉक्समध्ये मदतनीसाला हे करता येई, कारण त्याच्या हाती जणू साऱ्या घराच्या किल्ल्या असत. पण त्याच किल्ल्या लबाड प्रोग्रॅमलाही मिळत. शिवाय ब्राउझरच्या आत काही बदलले, की मदतनीस बंद पडत. म्हणून १४ नोव्हेंबर २०१७ रोजी आलेल्या फायरफॉक्स ५७ ने ही जुनी पद्धत बंद केली.

आता मदतनीसाने ब्राउझरला फक्त चिठ्ठी द्यायची: “या पत्त्यावरची फाइल उतरवा, हे नाव द्या.” तीही ठरलेल्या फोल्डरच्या आतच. फाइलच्या मध्येच लिहायची सोय नाही. सगळे तुकडे स्मृतीत साठवावेत, तर मोठ्या फाइलींना ती अपुरी पडते.

निल्स मायर यांनी प्रोग्रॅम नव्याने लिहिला. २०१९ मध्ये चौथी आवृत्ती आली. तुकडे गेले, पण दुवे गाळून निवडणे, फाइलींना ठरावीक पद्धतीने नावे देणे आणि रांग लावणे टिकले. आमच्या चाळीस फाइलींना नेमके तेवढेच हवे होते.

वर्गात करून पाहा. चाळीस ओळींचा उतारा चार मुलांत वाटा. पहिल्या खेपेला प्रत्येकाने आपल्या दहा ओळी फळ्यावर आखलेल्या जागी एकाच वेळी लिहाव्यात. दुसऱ्या खेपेला खडू फक्त वर्गनायकाकडे; एकाने सांगायचे, त्याने पहिल्या ओळीपासून क्रमाने लिहायचे. दोन्ही वेळा मोजा. मग मुलांना विचारा: वेळ जास्त लागूनही खडू एकाच्याच हाती ठेवावासा कधी वाटेल?