प्रवासाआधीची प्रार्थना : विल्यम्सटाउन ते केडगाव

गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोन अमेरिकन तरुण 11 फेब्रुवारी 1813 रोजी मुंबईत उतरले, तेव्हा ते इथे कोणालाच नको होते. कंपनी सरकारला मिशनरी म्हणजे नसती कटकट वाटे. त्यांना इंग्लंडला धाडा, असा कलकत्त्याचा हुकूम होता. गव्हर्नर सर इव्हान नेपियन मनाने भला, पण हुकमाचा ताबेदार. वर्ष सरता सरता दोघे गुपचूप गलबतात बसून कोचीनकडे निसटले, तिथे सापडले आणि पुन्हा मुंबईत आणले गेले. हॉल गव्हर्नरला अर्जांमागून अर्ज लिहीत राहिला. अखेर राहण्याची परवानगी मिळाली. अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात ही अशी, सामान बांधलेल्या अवस्थेत झाली. मुंबईचा छापखाना, मुलींच्या शाळा, अहमदनगरचे ठाणे, 1842 पासूनचा ‘ज्ञानोदय’, हे सगळे पुढचे.

भाषा येत नाही, सरकार हाकलते आहे, पैसे वेळेवर पोहोचत नाहीत, अशा वर्षांत ही माणसे टिकली कशी? मिशनच्या जुन्या पुस्तकांत याचे उत्तर एका ओळीत मिळते : ते प्रार्थना करून निघाले होते. श्रद्धावंताला एवढे पुरते. मला त्यापुढे जाऊन विचारावेसे वाटते की निघण्याआधी प्रार्थना नेमकी कोणी केली, कोणत्या खोलीत, कोणत्या नियमाने, आणि त्या खोलीबाहेर कोण राहिले. प्रार्थनेच्या गटात ज्यांना जागा मिळाली, त्यांनाच पुढे गलबतावर आपल्या नावाने जागा मिळाली. दोनशे वर्षांच्या कागदपत्रांतून मला तरी हेच दिसते.

नमुना मुळात बायबलमधलाच आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या तेराव्या अध्यायात अंत्युखियाची मंडळी उपवास आणि प्रार्थना करते, बर्णबा आणि शौल यांच्यावर हात ठेवते आणि त्यांना रवाना करते. पाठवणारी मंडळी आणि जाणारी माणसे एकाच उपवासाला बसलेली. आजही सुवार्तेच्या दौऱ्याला निघणाऱ्या संघासाठी पाळक हेच करतात.

या प्रार्थनेला घड्याळ बांधले ते मोरेव्हियन लोकांनी. सॅक्सनीतल्या हेर्नहूट गावात ऑगस्ट 1727 मध्ये 24 पुरुष आणि 24 स्त्रियांनी दिवसरात्रीचे तास वाटून घेतले. एकाचा तास संपला की दुसऱ्याचा सुरू. ही साखळी शंभर वर्षे चालल्याचे सांगतात. पाच वर्षांनी, 1732 मध्ये, याच गावातून लेओनार्ड डोबर हा कुंभार आणि डेव्हिड निचमान हा सुतार वेस्ट इंडीजमधल्या सेंट थॉमस बेटाकडे, गुलामांत काम करायला निघाले. डोबरने जावे की नाही, याचा निकाल चिठ्ठी उचलून झाला. आपल्याकडे देवाला कौल लावतात, त्याहून हे फारसे निराळे नव्हते.

विल्यम केरी हा इंग्लंडातला चांभारकाम करणारा बाप्टिस्ट पाळक. त्याच्या भागातल्या मंडळ्यांनी 1784 पासून दर महिन्याला एक संध्याकाळ सुवार्तेच्या प्रसारासाठी प्रार्थनेला राखून ठेवली होती. केरीने 1792 मध्ये जे पुस्तक छापले, त्यात प्रार्थना हे पहिले कर्तव्य सांगितले. पण त्याच पुस्तकात जगातल्या देशांची लांबी-रुंदी, लोकसंख्या आणि धर्म यांचे पानोपान तक्तेही दिले. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला केटरिंगमधल्या एका घरात मिशनरी सोसायटी स्थापन झाली, तेव्हा 13 पौंड 2 शिलिंग 6 पेन्सची वर्गणी कबूल झाली. गुडघे टेकणारा माणूस आकडेमोडही करत होता. पुढे याच केरीने फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवली, 1805 मध्ये मराठीचे व्याकरण छापले आणि 1810 मध्ये मोडी टाइपातला कोश. त्याला मराठीत मदत करणारे पंडित वैजनाथ शर्मा. कोश म्हटला की केरीचे नाव निघते, वैजनाथांचे क्वचितच. पण तो वेगळा लेख.

आता हॉलच्या कॉलेजकडे. मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्सटाउन गावी विल्यम्स कॉलेज आहे. 1806 च्या ऑगस्टमधल्या एका शनिवारी दुपारी पाच विद्यार्थी नेहमीप्रमाणे शेताकडच्या झाडीत प्रार्थनेला गेले. वीज कडाडू लागली म्हणून ते गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले. वर्गात आशियाचा भूगोल चालू होता, त्यामुळे बोलणे आशियावरच आले. सॅम्युअल मिल्सचे म्हणणे, तिकडे सुवार्ता न्यायला हवी. हार्वी लूमिसला ते पटले नाही. आधी सुधारणा पोहोचू द्या, मग मिशनरी पाठवा, असे त्याचे मत. बाकीचे मिल्सच्या बाजूचे. वाद झाला आणि मग प्रार्थना झाली. अमेरिकेच्या परदेशी मिशनचे मूळ या गंजीत मानतात आणि त्या जागी 1867 मध्ये संगमरवरी स्तंभही उभा राहिला. जागा नेमकी कोणती, हे त्या पाचांपैकी बायरम ग्रीन याने जवळजवळ अर्ध्या शतकानंतर येऊन दाखवले.

गंजीची गोष्ट चित्रात छान दिसते, म्हणून तीच सांगितली जाते. खरी तयारी दोन वर्षांनी सुरू झाली, आणि ती मला जास्त मोलाची वाटते. सप्टेंबर 1808 मध्ये मिल्स आणि त्याच्या सोबत्यांनी ‘ब्रदरन’ नावाची गुप्त मंडळी काढली. तिचे नियम सांकेतिक लिपीत लिहिलेले. लोक आपल्याला माथेफिरू ठरवतील, योजना फसली तर हसे होईल, ही भीती. नियम कडक होते : जो सभासद होईल त्याने स्वतःला मोकळे ठेवायचे; मिशनवर जायच्या आड येईल असा कोणताही शब्द कोणाला द्यायचा नाही. प्रार्थना आणि उपवास ठरलेले. मी जातो, असे उत्साहाच्या भरात म्हणणाऱ्याला हे वेसण होते. घाई करू नकोस, पण दुसरीकडे गुंतूही नकोस. गॉर्डन हॉल याच मंडळीतला. कनेटिकटमधल्या एका चर्चने त्याला पाळकपद देऊ केले, ते त्याने नाकारले. निघण्यापूर्वी फिलाडेल्फियात वैद्यक शिकून घेतले.

1810 मध्ये अँडोव्हरच्या धर्मविद्यालयातल्या मुलांनी वडीलधाऱ्या पाळकांच्या परिषदेपुढे अर्ज ठेवला : आम्हाला पाठवता का? अर्जावर आधी सहा नावे होती. एवढे जण जाणार म्हटल्यावर परिषद खर्चाला बिचकेल म्हणून दोन नावे खोडली. त्या अर्जातून परदेशी मिशनरी पाठवणारे अमेरिकन बोर्ड जन्माला आले आणि 6 फेब्रुवारी 1812 रोजी सेलम गावच्या चर्चमध्ये पाच जणांवर हात ठेवले गेले : जडसन, न्यूएल, नॉट, हॉल आणि राइस.

आता त्या खोलीबाहेर राहिलेल्यांविषयी. जडसनचे लग्न दीक्षेच्या आदल्या दिवशी झाले, नॉटचे दोन दिवसांनी, न्यूएलचे तीन. म्हणजे ज्या तरुणी अर्ध्या जगापलीकडे निघाल्या होत्या, त्या ना गंजीखाली होत्या, ना सांकेतिक वहीत. त्यांची प्रार्थना जिने तिने घरी करायची. हॅरिएट न्यूएल नोव्हेंबर 1812 मध्ये मॉरिशसला वारली, वय 19. समुद्रावर जन्मलेले तिचे मूल तिच्याआधी गेले. तिचे चरित्र अमेरिकेत घरोघर वाचले गेले आणि त्याने मुलींना मिशनकडे ओढले, पण हे सगळे मरणानंतर. अविवाहित स्त्रीला थेट परदेशी पाठवायला बोर्डाला 1827 उजाडावे लागले. ती सिंथिया फॅरर. मुंबईत आली, पुढे अहमदनगरला गेली. जोतीराव फुल्यांनी तिची मुलींची शाळा पाहिली आणि सावित्रीबाईंच्या शिक्षकी शिक्षणाशीही तिचे नाव जोडलेले आहे. गॉर्डन हॉल तोवर उरला नव्हता. 20 मार्च 1826 रोजी नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने गेला.

यानंतरची सत्तर-ऐंशी वर्षे मी भराभर ओलांडतो. शाळा निघाल्या, दुष्काळ आले, मंडळ्या वाढल्या. मराठी ख्रिस्ती माणूस पाळक झाला, शिक्षक झाला, पण कोणाला कुठे पाठवायचे याचा निर्णय बहुतेक वेळा साहेबाच्या बैठकीतच होई. नारायण वामन टिळकांसारखा कवीदेखील याच मिशनमध्ये राबला, भजन-कीर्तनाने सुवार्ता सांगू लागला आणि 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडून बसला.

पण त्याआधी केडगाव घडले होते.

पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन पुणे-दौंड रेल्वेमार्गावर. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुली, मग 1900 च्या गुजरातच्या दुष्काळातल्या, असे करत तिथे 2000 च्या आसपास मुली आणि बाया झाल्या. रमाबाई 1898 मध्ये इंग्लंडातल्या केझिकच्या अधिवेशनाला गेल्या होत्या आणि तिथे त्यांनी हिंदी ख्रिस्ती लोकांतूनच लाखांनी सुवार्तिक उभे राहावेत, यासाठी प्रार्थनेची विनंती केली होती. परदेशी मिशनरी आणखी पाठवा, असे त्यांनी म्हटले असते तर टाळ्या अधिक मिळाल्या असत्या. पुढे ऑस्ट्रेलियात अमेरिकन सुवार्तिक टॉरी यांच्या सभांच्या आधी मेलबर्नच्या घराघरांत प्रार्थनागट बसले होते, हे कानावर आल्यावर त्यांनी लेक मनोरमा आणि सहकारी मिनी एब्रॅम्स यांना तिकडे पाठवले. 1904-05 मध्ये वेल्समध्ये धार्मिक जागृती पेटली आणि वेल्श मिशनऱ्यांमार्फत ती ऊब खासी डोंगरांत पोहोचली, याच्याही बातम्या येत होत्या.

जानेवारी 1905 मध्ये रमाबाईंनी मुलींपुढे अशा जागृतीसाठी प्रार्थनेचा विषय काढला. सुमारे 70 जणी रोज सकाळी त्यांच्यासोबत बसू लागल्या. विनंती एकच : हिंदुस्थानातल्या सगळ्या ख्रिस्ती लोकांचे खरे परिवर्तन होवो, आणि त्यात आम्हीही आलो. जूनपर्यंत हा आकडा 550 वर गेला, दिवसातून दोनदा. मग रमाबाईंनी विचारले, शाळेचा अभ्यास बाजूला ठेवून आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला कोण जाईल? 30 तरुणी पुढे आल्या. त्यांना लगेच रवाना केले नाही. सामर्थ्यासाठी रोज एकत्र प्रार्थना करा, एवढेच सांगितले.

29 जूनच्या पहाटे साडेतीनच्या सुमारास या स्वयंसेविकांपैकी एकीला जाग आली. आपल्याभोवती आग आहे असे तिला वाटत होते. शेजारची मुलगी धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली आणि ओतणार, तेवढ्यात तिच्या लक्षात आले की हा जाळ विझवायचा नाही. हा वृत्तांत एब्रॅम्स यांनी लिहून ठेवला आहे. त्या खोलीत काय झाले याचा अर्थ श्रद्धेने लावायचा की मानसशास्त्राने, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मला मात्र ती बादलीवाली मुलगी लक्षात राहते. दुष्काळातून आलेल्या पोरीला आग दिसली की आधी पाणी सुचते. एवढा साधा तपशील सहसा कोणी रचत नाही.

दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानावर बोलत असताना सगळ्याजणी एकदम मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या. धडा तिथेच थांबला. पुढचे काही आठवडे रडणे, पापांची कबुली, एकाच वेळी शेकडो आवाज. बाहेरच्या मिशनरी वर्तुळात नाके मुरडली गेली. हा गोंधळ शोभत नाही, असा सूर निघाला. रमाबाईंनी तो बंद पाडला नाही. हिंदुस्थानी बाईने हिंदुस्थानी रीतीने देवाला आळवावे, हे त्यांना रास्त वाटत होते. शिस्त मात्र सोडली नाही : मुलींच्या तुकड्या पाडल्या, प्रत्येकीला प्रार्थनेसाठी नावांच्या याद्या दिल्या, आणि पाळीपाळीने तुकड्या खेड्यांत जाऊ लागल्या. एक तुकडी गावात, तर दुसरी तिच्यासाठी केडगावात गुडघ्यांवर.

याच्या शंभर वर्षे आधी गंजीखाली पाच गोरे विद्यार्थी होते आणि ‘तिकडे’ म्हणजे आपण होतो. इथे दुष्काळात टाकलेल्या, विधवा म्हणून ओवाळून टाकलेल्या मुली प्रार्थनेला बसल्या आणि त्याच रस्त्याला लागल्या. कोणत्याही बोर्डाने त्यांना निवडले नव्हते. एब्रॅम्स यांनी 1906 मध्ये या अनुभवावर लिहिलेले पुस्तक चिलीमधल्या त्यांच्या जुन्या मैत्रिणीच्या, मिसेस हूव्हर यांच्या, हाती पडले आणि 1909 मध्ये वाल्पराइसोच्या मेथडिस्ट मंडळीत तशीच चळवळ उभी राहिली. चिलीच्या पेंटेकोस्टल मंडळ्यांचा इतिहास केडगावाचे नाव घेतल्याशिवाय सांगता येत नाही. त्याच 1905 च्या नाताळात, सेरामपूरला केरीच्याच ग्रंथालयात, हिंदी माणसांनी चालवलेली, हिंदी पैशांवरची नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली. योगायोग म्हणा हवे तर.

आज मिशनच्या सहली दहा-पंधरा दिवसांच्या असतात. निघण्याआधी संघ उपवास करतो, घरी राहणारे ‘प्रार्थना-भागीदार’ ठरतात, रोजच्या विनंत्या मोबाइलवर जातात. यात वाईट काही नाही. पण जिथे जायचे तिथला एकही माणूस त्या गटात नसेल, तर ती तयारी अर्धीच. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये एक अमेरिकन तरुण अंदमानातल्या उत्तर सेंटिनेल बेटावर कायदा मोडून उतरला आणि तिथेच मारला गेला. तयारी त्याने वर्षानुवर्षे केली होती, प्रार्थना मनापासून केली होती. त्याची रोजनिशी याची साक्ष देते. ज्या लोकांसाठी ती प्रार्थना होती, त्यांनी बाणांनी ‘येऊ नकोस’ म्हटले होते आणि तरी तो पुन्हा गेला. त्याच्या धैर्याला नावे ठेवणार नाही, पण त्या प्रार्थनेत ऐकण्याला जागा नव्हती असे माझे मत आहे. आपल्याकडे तर साध्या पर्यटक व्हिसावर येऊन धर्मप्रचार करणे कायद्यातही बसत नाही. संघ घेऊन येणाऱ्याने हे उपवासाच्या पहिल्या दिवशीच बोलून घ्यावे.

केडगावच्या त्या 30 जणींपैकी फार थोड्यांची नावे छापील वृत्तांतांत सापडतात. पुढे त्यांतल्या कितीतरी जणी शिक्षिका, परिचारिका, बायबलबाया होऊन महाराष्ट्रभर गेल्या, संसारात पडल्या, कोणाच्या तरी पणज्या झाल्या. पुणे, दौंड, अहमदनगर, सोलापूरकडच्या ख्रिस्ती घरांत जुन्या वह्या, प्रार्थनेच्या याद्या, मंडळीची नोंदपुस्तके अजून पडून असतील. रद्दीत घालू नका. मिशनने आपला इतिहास स्वतःच्या अहवालांतून लिहिला; या बायांचा इतिहास त्या वह्यांतूनच लिहावा लागेल.