अंगणातील द्राक्षरोपे : भांडवल थोडे, लक्ष फार

होटगी हे गाव बहुतेकांना जंक्शन म्हणून ठाऊक आहे. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गाला विजयपूर-गदगचा फाटा येथेच फुटतो. सिमेंटच्या कारखान्यांनीही गावाचे नाव दूरवर नेले. परंतु या पानाच्या वाचकांचे लक्ष आज आम्ही वेगळ्याच गोष्टीकडे वेधू इच्छितो. होटगीच्या उत्तरेस नान्नज परिसरातील द्राक्षबागा आहेत आणि दक्षिणेस रेल्वेने गेल्यास द्राक्ष व बेदाण्याचा मोठा विजयपूर जिल्हा लागतो. दोन्हीकडे दर ऑक्टोबरच्या आसपास वेलींची छाटणी होते व बांधावर काड्यांचे ढीग पडतात. बहुतेक ढीग चुलीत जातात. यातील निवडक काड्यांची रोपे घराच्या अंगणात, दहा बाय दहाच्या जागेतही करता येतात. घरातील बायामाणसांना थोड्या भांडवलात करण्यासारखे हे काम आहे. मात्र ते जितके सोपे दिसते तितके ते नाही, आणि कोठे फसगत होते ते आधी समजून घेतलेले बरे.

द्राक्षाचे रोप काडीपासूनच का करायचे, असा प्रश्न कोणी विचारील. बाजारात ज्या द्राक्षाला भाव आहे त्याला बीच नसते! थॉमसन सीडलेस घ्या. हे मूळचे इराण-तुर्कस्तानकडील द्राक्ष. तिकडे त्याला किशमिश किंवा सुलताना म्हणतात. एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियात विल्यम थॉमसन या गृहस्थाने त्याची लागवड वाढवली आणि त्याचेच नाव फळाला चिकटले. हा सारा प्रवास काडीच्या रूपाने झाला. बी असलेल्या जातीचेही तसेच आहे; बी पेरले तर मूळ वेलीसारखे फळ येईलच याची खात्री नसते. काडीतून मात्र आईचीच प्रत निघते.

दख्खनला द्राक्ष नवे नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादेस आला, तेव्हा तेथे द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा येतात असे त्याने लिहून ठेवले. भोकरी, फकडी, साहेबी, हबशी या जुन्या जातींची नावे आता म्हाताऱ्या बागवानांच्याच तोंडी उरली आहेत. हैदराबादेत नावारूपाला आलेल्या अनाब-ए-शाहीचे नाव तर अरबी-फारसीच आहे; अनाब म्हणजे द्राक्ष. आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर नान्नजच्या नानासाहेब काळे यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. थॉमसनच्या बागेत वेगळे, लांबट मणी देणारी फूट त्यांनी हेरली, तिच्या काड्या वाढवल्या आणि सोनाका ही जात उभी राहिली. नावात सोलापूर, नान्नज आणि काळे या तिन्हींची पहिली अक्षरे आहेत. शरद सीडलेस हे काळे द्राक्षही त्यांचेच. नजर तयार असेल तर काडीतून केवढे काम उभे राहते ते यावरून दिसते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. काडी ऑक्टोबरात मिळते, पण वेल फेब्रुवारी-मार्चमध्ये, घड लागलेले असतानाच निवडावी लागते. ओळखीच्या बागायतदाराकडे जाऊन सारख्या मण्यांचा भरपूर माल देणारी निरोगी वेल पाहावी आणि त्याच्या परवानगीने तिच्या खोडाला चिंधी बांधून ठेवावी. छाटणीनंतर ढिगातून काडी उचलणाऱ्याला ती कोणत्या वेलीची, रोगट की निरोगी, हे कळण्याचा मार्ग नसतो. पाने मुरडणारा विषाणूरोग काडीबरोबर घरी येतो. सालीखाली दडलेला मिलीबगही येतो.

काडी पेन्सिलीएवढी जाड, तपकिरी सालीची व टणक असावी. टोकाकडील हिरवी, लवचिक काडी फेकून द्यावी. नखाने साल किंचित खरवडली की आत ओला हिरवा रंग दिसला पाहिजे. चार डोळे राहतील असा दहा-बारा इंचांचा तुकडा घ्यावा. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, सरळ; वरचा काप वरच्या डोळ्यापासून इंचभर वर, तिरपा. हा तिरपेपणा शोभेसाठी नाही. शे-दोनशे काड्यांची जुडी बांधली की खालचे टोक कोणते आणि वरचे कोणते ते हाताला लगेच समजावे म्हणून तो आहे. उलटी लावलेली काडी नीट मुळे धरत नाही. जुड्या रात्रभर पाण्यात ठेवाव्यात आणि लावण्यापूर्वी लिटरला १ ग्रॅम कार्बेन्डाझिमच्या द्रावणातून काढाव्यात. थॉमसन व सोनाकाच्या काडीला मुळे सहज फुटतात, संजीवक नसले तरी चालते.

पिशवी भरताना सोलापूरकरांची पहिली चूक काळ्या मातीची. नुसत्या काळ्या मातीत पाणी तुंबते व काडीचे बूड कुजते. पोयट्याची माती, नदीची वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत सारख्या प्रमाणात मिसळावे. आपल्याकडे चुनखडीचा मुरूम जागोजागी लागतो. तो पिशवीत गेला तर रोपांना लोह मिळत नाही आणि कोवळी पाने पिवळी पडतात. होटगीत सिमेंटच्या रिकाम्या गोण्या स्वस्तात मिळतात म्हणून त्या कापून पिशव्या शिवण्याचा मोह होईल. तो टाळावा. गोणीला चिकटलेल्या सिमेंटातही चुनाच असतो. भोके पाडलेली साधी काळी प्लॅस्टिक पिशवी बरी. दोन डोळे मातीत, दोन वर अशी काडी लावून माती बोटांनी घट्ट दाबावी, आत पोकळी राहू देऊ नये. निम्मे ऊन अडवणाऱ्या शेडनेटखाली किंवा जुन्या गोणपाटाच्या मांडवाखाली पिशव्या ओळीने ठेवाव्यात आणि झारीने पाणी द्यावे. बोअरचे पाणी खारे असेल तर निदान पहिले दोन महिने नळाचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी वापरावे. मातीवर पांढरी पापडी धरू लागली, पानांच्या कडा करपू लागल्या, की समजावे क्षार वाढले. वाळवीची जागा असेल तर पिशव्या उघड्या जमिनीवर न ठेवता फरशीवर ठेवाव्यात. फुगलेले डोळे कोरणाऱ्या उडद्या भुंगेऱ्यांकडे सकाळी एक नजर टाकावी.

आता मुख्य मुद्दा. दोन-तीन आठवड्यांत डोळे फुटतात, पोपटी पाने येतात आणि घरात आनंदीआनंद होतो. याच वेळी जपायला हवे. ही पाने मुळांच्या जोरावर आलेली नसतात. उन्हाळ्यापासून वेलीने काडीत साठवलेल्या पिठावर ती वाढतात. मुळे चार ते सहा आठवड्यांनी येतात, आणि साठा संपेपर्यंत ती आली नाहीत तर हिरवेगार दिसणारे रोप तीन दिवसांत मान टाकते. म्हणून पाने पाहून पाणी वाढवू नये, खत घालू नये आणि मुख्य म्हणजे रोप विकू नये. काडी हलकेच ओढून पाहावी. ती मातीला धरून असेल तर मूळ आले. विकण्यापूर्वी एखादी पिशवी चिरून मुळांचा गुच्छ प्रत्यक्ष पाहिलेला उत्तम. ऑक्टोबरात लावलेली रोपे साधारण जानेवारी-फेब्रुवारीत तयार होतात. शंभर काड्यांतून शंभर रोपे मिळतील असा हिशेब कधीही मांडू नये.

आणि ही रोपे घेणार कोण? येथे आम्हाला स्पष्ट बोलले पाहिजे. व्यापारी बाग लावणारा शेतकरी आज थॉमसनचे स्वतःच्या मुळावरचे रोप सहसा घेत नाही. खारे पाणी, चोपण जमीन आणि वारंवारचा दुष्काळ यांमुळे तो डॉगरिजसारख्या खुंटावर कलम करतो. डॉगरिज ही टेक्सासकडील रानवेलीची निवड आहे. फळाच्या दृष्टीने ती निरुपयोगी, पण तिची मुळे चिवट असतात. एकोणिसाव्या शतकात फिलोक्सेरा या किडीने फ्रान्सच्या बागा बसवल्या, तेव्हा अशाच अमेरिकन खुंटांवर कलमे बांधून त्या पुन्हा उभ्या राहिल्या. त्यामुळे साध्या रोपांचे गिऱ्हाईक म्हणजे परसात किंवा गच्चीवर एखादी वेल चढवू पाहणारी घरे. हे गिऱ्हाईक शहरात आहे, पण ते पाच-पन्नास रोपांचे आहे. मोठी मागणी हवी असेल तर डॉगरिजच्या खुंटरोपांकडे वळावे लागेल, आणि डॉगरिजला सहज मुळे फुटत नाहीत. तिच्या काडीचे बूड आयबीए या संजीवकाच्या लिटरला सुमारे २ ग्रॅम द्रावणात क्षणभर बुडवावे लागते, तरीही मर होतेच. शिवाय शेतकरी खुंट लावतो जानेवारी-फेब्रुवारीत. तेवढा हंगाम चुकला की उरलेल्या पिशव्या सोलापूरच्या मे महिन्यात सांभाळणे म्हणजे रोज पाण्याचा खर्च. म्हणून आधी गिऱ्हाईकाकडून शब्द आणि थोडी आगाऊ रक्कम घ्यावी, मगच पिशव्या भराव्यात.

कारागिरांसाठी याच धंद्यात दुसरी एक वाट आहे, आणि आमच्या मते ती अधिक पक्की आहे. शेतात लावलेल्या खुंटावर ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान पाचर कलम बांधले जाते. खुंट आडवा कापून मधोमध चीर द्यायची, दोन डोळ्यांची सायन काडी दोन्ही बाजूंनी तासून पाचरीसारखी करायची, ती चिरेत अशी बसवायची की एका तरी बाजूला सालीला साल भिडेल, आणि वरून प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट आवळायचे. धारदार चाकू, स्वच्छ हात आणि न थकणारी बोटे एवढीच हत्यारे! हे काम जाणणाऱ्या टोळ्या गावोगाव फिरतात आणि कलमावारी मजुरी घेतात. सोलापुरात विडी वळणाऱ्या हजारो भगिनींची बोटे यासाठी तयारच आहेत असे आम्हाला वाटते. घरच्या चार-दोन पिशव्यांतील रोपांवर एक हंगाम सराव केला तर हुन्नर हाती येईल.

विक्री करायची तर कायदाही पाहावा लागतो. महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी १९६९चा कायदा आहे व त्याखाली परवाना लागतो. तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करावी. २००१च्या वाणसंरक्षण कायद्याखाली नोंदलेल्या, संरक्षण मिळालेल्या जातीची रोपे तिच्या हक्कदाराच्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत. नवी, परदेशी जात म्हणून कोणी काडी आणून दिली तर आधी एवढे विचारून घ्यावे. लागवडीच्या तांत्रिक माहितीसाठी पुण्याजवळ मांजरीला १९९७ साली सुरू झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे.

परंतु कायद्याच्या आधी सचोटी येते. पाने गळालेल्या काडीवरून ती सोनाका की साधी थॉमसन, हे भलेभले सांगू शकत नाहीत. गिऱ्हाईक तुमच्या शब्दावर रोप नेतो, खड्डा घेतो, मांडव घालतो, दीड-दोन वर्षे पाणी घालतो, आणि फळ आल्यावरच त्याला कळते की आपण काय विकत घेतले. इतका काळ उधार राहणारा शब्द दुसऱ्या थोड्याच धंद्यांत असेल. म्हणून प्रत्येक ओळीला जात व कोणत्या बागेची काडी ते लिहिलेली पाटी लावावी, वहीत लागवडीची तारीख नोंदवावी, आणि जात ठाऊक नसेल तर तसे सांगून कमी दराने द्यावे.

घरासाठी वेल नेणाऱ्याला रोपाबरोबर छाटणीही समजावून द्यावी. आपल्या हवेत द्राक्षवेल थंड मुलखातल्यासारखी झोपत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी करून नव्या काड्या घ्याव्या लागतात आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी केली की त्यांवर घड येतात. पहिल्या वर्षी मात्र एकच जोमदार फूट सरळ वर नेऊन खोड बनवावे. वर्षानुवर्षे मांडवभर पाने आणि एकही घड नाही अशी घरची वेल दिसली, तर बहुधा तिला कात्री लागलेली नसते.