टॅब की स्पेस? बोला पटकन!

तुमच्या ऑफिसात भांडणं कशावरून होतात? एसीवरून, अप्रेझलवरून? आमच्याकडे महिनाभर वाजलं ते कीबोर्डवरच्या टॅबवरून. हसू नका.

आम्ही गाड्यांच्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर लिहितो, 'सी'मध्ये. कोड एकच, हात लावणारे बाराजण. अर्धे चिंचवडला, अर्धे चाकणला. एका शुक्रवारी संध्याकाळी चाकणहून बदल आला. तिकडच्या एडिटरने सगळ्या टॅबच्या स्पेस करून टाकलेल्या, त्यामुळे स्क्रीनवर नऊशे ओळी लाल-हिरव्या. खरी नवी ओळ एकच. कोण वाचतंय नऊशे ओळी, तेही शुक्रवारी? मी 'ओके' ठोकलं आणि घरी गेलो.

सोमवारी टेस्ट बेंचवर इंडिकेटर बंद केला तरी लुकलुकतच राहिला. 'इफ'खाली ती नवी ओळ महिरपी कंस न घालता टाकली होती. आपल्याला ती 'इफ'च्या आत दिसते, काँप्युटरच्या लेखी बाहेर. म्हणजे टायमर दरवेळी नव्याने सुरू! बेंचवर सापडलं म्हणून बरं, हायवेवर सापडलं असतं तर?

असल्या चुका मोठ्यांनाही सुटल्या नाहीत. फेब्रुवारी 2014 मध्ये अ‍ॅपलला आयफोनसाठी तातडीचा अपडेट काढावा लागला. 'गोटू फेल' ही ओळ दोनदा पडली होती, कंस नव्हते, आणि सुरक्षित कनेक्शनची एक महत्त्वाची तपासणी चक्क गाळली जात होती.

वाहनवाल्यांनी यावर 1998 मध्येच उपाय काढलाय. ब्रिटनच्या 'मिस्रा'ने 'सी'साठी नियमांचं पुस्तक छापलं. त्याच्या 2012 च्या आवृत्तीत 143 नियम आणि 16 निर्देश आहेत. 15.6 वा नियम सांगतो, 'इफ'च्या किंवा लूपच्या पोटात एकच ओळ असली तरी कंस हवेच. पुस्तक आमच्याकडेही होतं. कपाटात!

पण टॅब की स्पेस, यावर मिस्रा गप्प. ते ज्याने त्याने घरी ठरवायचं. मग काय, मीटिंगवर मीटिंग. शेवटी लीड वैतागले, "अरे, तुला काय आवडतं ते नको सांगूस. कशाने तुटतं ते सांग." तिथून गाडी रुळावर आली. चार स्पेस. कंस सक्तीचे. वेगाच्या व्हेरिएबलच्या नावातच 'केएमपीएच'. मांडणी क्लँग-फॉरमॅट करणार, माणूस नाही. आणि नुसती मांडणी बदलायची असेल तर तो बदल वेगळा पाठवायचा, लॉजिकमध्ये मिसळायचा नाही. खरी मेख हीच होती.

मी टॅबवाला. हरलो. घरी कुरकुर केली तर बाबा हसले. ते भोसरीला टूलरूममध्ये होते. बोर्डावर प्रत्येक पान्याचा आकार रंगवलेला असायचा म्हणे. सेकंड शिफ्टवाल्याने न बघता हात घातला तरी चौदाचा पाना मिळायला हवा. "तुमचं आत्ता ठरतंय होय?" असं वर ऐकवलं.

परवा शुक्रवारीच चाकणहून बदल आला. ओळी तीन. तिन्ही वाचल्या, तिसरीत चूक निघाली. फोन लावला तर पलीकडून पहिला प्रश्न, "अजून टॅबचा राग आहे का रे?"