जुना ट्रॅक्टर घेताना

उसाचे किंवा सोयाबीनचे पैसे हाती आले, की भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट पाहण्यापेक्षा आपलाच एखादा जुना ट्रॅक्टर असावा, असे मनात येते. विचार चांगला आहे. मात्र पुष्कळ जण रंग आणि टायर पाहून इसार देतात व कागदपत्रे मागाहून मागतात. क्रम नेमका उलटा हवा.

ट्रॅक्टर पाहावयास सकाळी लवकर जावे. आपण येईपर्यंत तो चालू करू नये, असे विकणाऱ्यास आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. गेल्यावर प्रथम इंजिनला हात लावून पाहावा. ते कोमट लागले, तर थंडीत सुरू होण्याचा त्रास झाकला गेला असण्याची शक्यता असते. अशा वेळी दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. सुरू करण्यापूर्वी रेडिएटरचे झाकण उघडून पाण्यावर तेलाचा तवंग आहे काय, आणि डिपस्टिक काढून ऑइल दुधाळ झाले आहे काय, हे पाहावे. दोन्हींचा अर्थ पाणी व ऑइल एकमेकांत मिसळते आहे, असा होतो.

आता इंजिन सुरू करून धुराकडे लक्ष द्यावे. सतत काळा धूर येत असेल तर एअर क्लीनर तुंबलेला असतो, किंवा नोझल अथवा डिझेल पंपाचे काम निघते. त्यासाठी सौदा मोडण्याचे कारण नाही, किंमत कमी करून घ्यावी. इंजिन तापल्यावरही निळसर धूर टिकून राहिला, तर मात्र ऑइल जळत आहे. ऑइल भरण्याचे झाकण काढून पाहावे. तेथूनही धुराचे भपके येत असतील तर रिंगा व लायनर झिजले आहेत, असे समजावे. हा खर्च मोठा असतो.

मीटरवरील तासांवर विसंबू नये. रोज ४ तास आणि वर्षातून २०० दिवस काम धरले तर दहा वर्षांत ८,००० तास भरतात. मीटर २,५०० दाखवीत असेल, तर एवढे कमी काम का झाले, हे विचारावे. क्लच व ब्रेकच्या पायपट्ट्या गुळगुळीत झालेल्या असतील, स्टिअरिंग ढिले असेल, तर खरे उत्तर तेथेच मिळते. नुकताच रंगविलेला ट्रॅक्टर तर मला नेहमीच अधिक बारकाईने पाहावासा वाटतो.

ट्रॅक्टरने कोणते काम केले, तेही शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून काढावे. उसाच्या वाहतुकीत क्लच आणि मागचा हूक झिजतो. भाताच्या चिखलणीत पुढच्या चाकांच्या बेअरिंगमध्ये व ब्रेकमध्ये चिखलपाणी शिरते. हायड्रॉलिक तपासण्यासाठी नांगर उचलून इंजिन बंद करावे. नांगर झपाट्याने खाली येत असेल तर दुरुस्ती आहे.

यंत्रातील दोष पैसे घालून निघतो, कागदातील दोष निघेलच असे नाही. नोंदणी पुस्तकावरील इंजिन व चासी क्रमांक ट्रॅक्टरवरील क्रमांकांशी स्वतः जुळवून पाहावेत. त्यावर रंगाचा थर असेल तर तो खरवडावा. पुस्तकावर बँकेचा अथवा वित्तसंस्थेचा बोजा असेल आणि विकणारा म्हणाला, "दोनच हप्ते राहिलेत, मी भरतो," तर त्याच्या हाती पैसे देऊ नयेत. दोघांनी मिळून बँकेत जावे, रक्कम थेट कर्जखात्यात भरावी, आणि बेबाकी दाखला व बोजा उतरविण्याचा नमुना ३५ सहीशिक्क्यासह घ्यावा. ट्रॅक्टर अनुदानावर घेतलेला असल्यास किती वर्षे विकू नये अशी अट आहे काय, ते पाहावे. ट्रॉलीची नोंदणी स्वतंत्र असते, हेही विसरू नये.

मालकी बदलण्याचे नमुने २९ व ३० त्याच दिवशी भरून घ्यावेत. घेणाऱ्याने हस्तांतर ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचे असते, आणि विमा आपल्या नावे करण्याचा अर्ज १४ दिवसांत द्यावयाचा असतो. विकणाऱ्या बंधूंनीही हे मनावर घ्यावे. अपघाताच्या भरपाईत नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे. वाहन कधीच विकून मोकळे झालेल्या माणसावर त्यात भरपाईची जबाबदारी आली.

ट्रॅक्टर घरी आणल्यावर नांगरटीला जुंपण्याआधी इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर व डिझेल फिल्टर बदलावेत. त्या दिवशीचे मीटरवरील तास वहीत लिहावेत आणि पुढील ऑइल बदल तेथून मोजावा.